सही कुणी केली?

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये धाकट्याला साडेपंधरा वर्षं पूर्ण झाली. व्हर्जिनियात त्या वयाला लर्नर्स परमिट मिळतं, त्यामुळे वाढदिवसापेक्षा या अर्ध्या वाढदिवसाचीच त्याला जास्त घाई होती. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकली आणि त्याला शाळेतून परस्पर डीएमव्हीत घेऊन गेले. डीएमव्ही म्हणजे इथलं आरटीओ. टोकन घेतलं आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. तो फोनवर वाहतुकीच्या खुणांची उजळणी करत होता, मी अर्जाचे कागद मांडीवर घेऊन.

अर्ज त्यानेच भरला. नाव, पत्ता, उंची. डोळ्यांचा रंग लिहायच्या रकान्यापाशी थांबून म्हणाला, "आई, माझे डोळे काळे की तपकिरी?" मी त्याला खिडकीकडे तोंड करायला लावलं, नीट पाहिलं आणि तपकिरी सांगितलं. पुढे अवयवदानाचा चौकोन आला. तिथे तो बराच वेळ अडला. खूण केली तर नक्की काय होतं, डॉक्टर आधी आपल्याला वाचवायचा प्रयत्न करतात ना, आजोबांचे डोळे दिले होते तसंच का, असे प्रश्न. माझ्या वडिलांचं नेत्रदान झालं तेव्हा तो सात वर्षांचा होता, पण त्याच्या सगळं लक्षात होतं. आम्ही हळू आवाजात चांगली दहा मिनिटं बोललो. मग त्याने विचार करून खूण केली. मला त्याचं कौतुक वाटलं.

त्याच कागदावर आणखी एक मजकूर होता. सव्वीस वर्षांच्या आतल्या पुरुष अर्जदारांसाठी. केंद्र सरकारचा कायदा लागू होत असेल तर या अर्जासोबत माझी माहिती सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडे पाठवायला संमती आहे, अशा अर्थाचा. सिलेक्टिव्ह सर्व्हिस म्हणजे सक्तीची लष्करभरती करायची वेळ आलीच तर, म्हणून मुलग्यांची नावं नोंदवून ठेवणारं सरकारी खातं. त्यावर आम्ही एक शब्दही बोललो नाही. तो वाचून पुढे गेला असेल किंवा न वाचता. आमचा नंबर पुकारला गेला, बाईंनी पालकाच्या सहीची जागा दाखवली आणि मी सही केली. अल्पवयीन मुलाचा अर्ज पालकाच्या सहीशिवाय घेतच नाहीत. पुढच्या मिनिटाला तो डोळे तपासायच्या यंत्रात बघत होता.

अवयवदानाबद्दल त्याला विचारलं होतं, म्हणून आम्ही बोललो. दुसऱ्या गोष्टीबद्दल विचारलंच नव्हतं. ती एक अट होती, आणि अट माणूस प्रश्नासारखी वाचत नाही. हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं चार महिन्यांनी.

थोरल्या मुलीच्या वेळी २०१७ मध्ये हाच अर्ज भरला होता. तिला त्या ओळीशी काही देणंघेणं नव्हतं, कारण नोंदणी फक्त मुलग्यांची. तिच्या लायसन्सचा सोहळा मात्र मनात घर करून राहिला आहे. आमच्या राज्यात अठराच्या आतल्या मुलांना पहिलं लायसन्स डीएमव्हीतून हातात मिळत नाही. पालकाला बरोबर घेऊन कोर्टात जावं लागतं. बाल आणि कौटुंबिक न्यायालयाचे न्यायाधीश सगळ्या मुलांसमोर गाडी चालवण्याची जबाबदारी काय असते ते सांगतात आणि मग लायसन्स देतात. त्या दिवशी न्यायाधीशबाईंनी आईवडिलांनाही उभं केलं होतं. पंचेचाळीस तास सराव करून घेतला, त्यातले पंधरा सूर्यास्तानंतरचे, असं तुम्ही लिहून दिलंय, ते खरं आहे ना, असं आमच्याकडे बघून विचारलं. आम्ही हो म्हणालो. गाडीच्या बाबतीत या राज्याला आईबापाच्या सहीचं मोल इतकं वाटतं की कोर्टात उभं करून ती सही वदवून घेतात. मला ते फार आवडलं होतं. धाकट्याच्या वेळी करोनामुळे तो सोहळा झाला नाही.

जानेवारी २०२०

३ जानेवारीला बगदादच्या विमानतळाबाहेर अमेरिकेने इराणचा जनरल कासिम सुलेमानी याला मारलं. दोनतीन दिवसांत शाळांमध्ये तिसऱ्या महायुद्धाच्या गोष्टी सुरू झाल्या. सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या संकेतस्थळावर इतकी गर्दी उसळली की ते बंद पडलं. तुमची सैन्यात निवड झाली आहे, ताबडतोब हजर व्हा, असे खोटे संदेश पोरांच्या फोनवर फिरायला लागले. लष्कराला स्वतःहून खुलासा करावा लागला की हे संदेश आम्ही पाठवलेले नाहीत.

एका रात्री जेवताना धाकट्याने असा एक संदेश आम्हाला दाखवला. त्याच्या वर्गातल्या कुणाला तरी आलेला. मुलं हसण्यावारी नेत होती, पण त्याने भात चिवडत विचारलं, "माझं नाव आहे का त्यात?" ह्यांनी सांगितलं, "छे, तू पंधरा वर्षांचा आहेस. आणि इथे आता सक्तीची भरती नाही." हे दोन्ही खरं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो अर्ज आला. जेवण झाल्यावर भांडी तशीच ठेवून मी बसले आणि त्या रात्री पहिल्यांदा सगळं नीट वाचलं.

जे समजलं ते इतकं. अमेरिकेत सक्तीची लष्करभरती, म्हणजे ड्राफ्ट, १९७३ मध्ये थांबली. १९७५ मध्ये नोंदणीही थांबवली. मग सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नोंदणी पुन्हा सुरू केली. अठरा वर्षं पूर्ण झाली की तीस दिवसांत प्रत्येक मुलाने नाव नोंदवायचं. उशिराने चालतं, पण सव्विसावा वाढदिवस उलटला की नोंदणी घेतच नाहीत. हा नियम फक्त नागरिकांना नाही. ग्रीन कार्डवाल्यांना आहे, निर्वासितांना आहे, कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांनाही आहे. नोंदणी म्हणजे सैन्यात जाणं नव्हे. प्रत्यक्ष ड्राफ्ट सुरू करायचा तर संसदेला वेगळा कायदा करावा लागतो. पण नोंदणी न करणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलर्सपर्यंत दंड. खटले १९८० च्या दशकानंतर भरलेले नाहीत. शिक्षेची खरी झळ बसते ती वेगळीकडून: केंद्र सरकारची नोकरी मिळत नाही, आणि स्थलांतरितांचं नागरिकत्व अडतं.

अठरा वर्षांचा मुलगा आपण होऊन टपालात जाऊन असला फॉर्म भरेल, ही अपेक्षा अवघडच. म्हणून ज्या कागदासाठी पोरं जीव टाकतात त्याच्याशी ही नोंदणी जोडायची युक्ती निघाली. आज देशातल्या बहुतेक राज्यांत लायसन्सचा अर्ज हीच संमती धरली जाते. अलास्कात तर तेलाच्या पैशातून दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला जो वाटा मिळतो, त्यालाही नोंदणीची अट आहे. कॉलेजच्या सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जालाही ही अट होती, ती आता काढून टाकली आहे. म्हणजे लायसन्सच्या त्या ओळीवरचा भार आणखी वाढला. अठराच्या आतल्या मुलाची माहिती तो अठरा वर्षांचा होईपर्यंत पुढे जात नाही. झाला की जाते. त्याला पुन्हा विचारत नाहीत.

म्हणजे त्याचं उत्तर मी देऊन बसले होते.

मामाचा प्रश्न

माझं माहेर सातारा तालुक्यातलं. आमच्या गावापासून अपशिंगे फार लांब नाही. त्या गावाला सगळा जिल्हा अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. तिथल्या घराघरांतून अजून फौजेत मुलं जातात. आमच्या पट्ट्यातच ही रीत आहे. माझा मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाला. माझा भाऊ पहाटे चारला उठून कालव्याच्या कडेने धावायचा, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत बसवायला. दोनदा भरतीला उतरला. दुसऱ्या वेळी धावण्यात पास झाला आणि छाती मोजताना अर्ध्या सेंटिमीटरने गेला. घरी आला, कुणाशी बोलला नाही, दोन दिवस जेवला नाही. आई चुलीपाशी बसून रडत होती आणि मनातून तिला सुटल्यासारखंही वाटत होतं, ते तिने मला फार वर्षांनी सांगितलं.

भारतात सक्तीची भरती नाही. फौजेत जाणं ही आमच्याकडे पोराने मागायची गोष्ट होती, आणि मागूनही न मिळणारी.

त्या आठवड्यात मी मामाला फोन केला. तो तेव्हा शहात्तर वर्षांचा होता, एका कानाने कमी ऐकायचा, म्हणून मी जोरजोरात सगळं समजावून सांगितलं. नोंदणी कशी, लायसन्सशी कशी जोडलेली, लगेच कुणी नेत नाही वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता म्हणेल, बरं झालं, आपल्या घराण्याला शोभतं. त्याने एवढंच विचारलं, "सही कुनी केली? पोरानं केली न्हवं?"

मी म्हटलं, "त्याचीही आहे. पण तो लहान म्हणून माझीपण."

"त्याला म्हाईत होतं का कशावर करतोय?"

मी गप्प झाले. मग मामाने बेळगावच्या कसम परेडचं सांगितलं. ट्रेनिंग संपल्यावर मैदानात सगळी कंपनी उभी करतात, आणि ज्याची त्याची शपथ ज्याने त्याने घ्यायची. "बाप शेजारी हुबा ऱ्हातो, बघतो. पर तोंड पोराचंच हलतं बघ."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण मी स्वतः २०१४ मध्ये इथलं नागरिकत्व घेताना शपथ घेतली होती. कायद्याने आवश्यक ठरेल तेव्हा देशासाठी शस्त्र हाती घेईन, हे शब्द त्या शपथेत आहेत. हात वर करून ते मी उच्चारले होते, दीडदोनशे अनोळखी माणसांबरोबर, आणि अर्थ समजून उच्चारले होते. मला कुणी फसवलं नव्हतं. माझ्या मुलाचं तसं झालं नव्हतं. तो इथेच जन्मला, त्याच्यावर हे कर्तव्य कायद्याने येणारच होतं, लायसन्स काढो न काढो. माझं भांडण त्या कर्तव्याशी नाही. ते त्याच्या कानावर घालायची वेळ मी घालवली, याचं मला वाईट वाटत होतं.

पुतण्याची गोष्ट

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे लिहिणं अर्धवट राहील.

मामाशी बोलल्यावर दोन दिवसांनी कॅलिफोर्नियाहून जाऊबाईंचा फोन आला. बोलता बोलता मी हे सगळं सांगितलं आणि सहज विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे झालंय ना हे?" त्या म्हणाल्या, "आम्हाला नाही लागू होत ते. आम्ही विचारलं होतं." कधी विचारलं होतं? मुलगा सोळा वर्षांचा असताना, त्याच्या लायसन्सच्या वेळी. तेव्हा ते सगळे एच-वन या नोकरीच्या आणि एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर होते. व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या मुलांना नोंदणी लागत नाही, हे बरोबरच होतं. पण मुलगा सतरा वर्षांचा असताना त्यांचं ग्रीन कार्ड आलं. घरात पेढे वाटले. आणि त्या दिवसापासून उत्तर बदललं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

कॅलिफोर्नियात लायसन्सचा अर्ज या नोंदणीला जोडलेला नव्हता. दीर-जाऊबाईंना फी भरणं जमत होतं, म्हणून सरकारी मदतीचा अर्जही कधी केला नव्हता. ज्या दोन दारांतून नाव आपोआप आत गेलं असतं, ती दोन्ही त्याच्या वाट्याला आली नाहीत. आईवडील नागरिक झाले तेव्हा तो अठरा ओलांडून गेला होता, त्यामुळे त्यांच्यामागून त्याला नागरिकत्व मिळालं नाही. स्वतःचा अर्ज तो आज करू, उद्या करू म्हणत लांबवत होता.

मी विचारलं, "आत्ता वय काय त्याचं?"

"ऑगस्टात सत्तावीस झाली."

फोनवर आम्ही दोघी काही क्षण बोललोच नाही. मी त्यांना सव्विसाव्या वाढदिवसाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता करताच येणार नाही?" नाही.

नागरिकत्वाच्या अर्जात हा प्रश्न सरळ विचारलेला असतो: अठरा ते सव्वीस या वयात अमेरिकेत राहत होता का, नोंदणी केली का, केली असेल तर नंबर आणि तारीख द्या. अर्जदाराची मागच्या पाच वर्षांची वर्तणूक पाहतात, म्हणून सव्वीस ते एकतीस हा काळ अवघड. एकतिशीनंतर सहसा ही अडचण राहत नाही. वकिलाने दोन वाटा सांगितल्या. एकतीस होईपर्यंत थांबायचं, किंवा आत्ताच अर्ज करून हे जाणूनबुजून केलं नाही, असं पुराव्यानिशी पटवून द्यायचं. थांबणं त्याला नको होतं.

पहिलं पाऊल म्हणजे सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून स्टेटस इन्फर्मेशन लेटर मागवायचं. नावाने दचकू नका. अर्ज भरून पाठवायचा, कधी देशात आलो, कोणत्या व्हिसावर होतो त्याच्या प्रती जोडायच्या. उत्तर म्हणून एक पत्र येतं. त्याच्या पत्रात लिहिलं होतं की तुम्हाला नोंदणी करणं भाग होतं, ती केल्याची नोंद आमच्याकडे नाही, आणि आता करता येणार नाही. त्यात माफी नसते. कारण पटतं की नाही ते तुमच्या अर्जाचा निर्णय घेणाऱ्या खात्याने ठरवायचं, एवढंच असतं. पण हे पत्र हाती नसेल तर पुढचं पाऊलच टाकता येत नाही.

मग त्याने प्रतिज्ञापत्र लिहिलं. दिरांनी वेगळं लिहिलं. जुन्या एच-फोरच्या मंजुरीपत्रांच्या प्रती, ग्रीन कार्डची तारीख, सोळाव्या वर्षीच्या लायसन्सची प्रत, सगळं क्रमाने लावलं. मसुदा त्याने मला वाचायला पाठवला होता. पहिल्या मसुद्यात त्याने कारणंच कारणं दिली होती. मी सांगितलं, एवढं नको, जसं घडलं तसं लिही. दुसरा मसुदा एका पानाचा झाला आणि तो वाचताना माझे डोळे भरून आले, कारण त्यात एक वाक्य होतं: मला हे पहिल्यांदा २०२० च्या जानेवारीत माझ्या काकूकडून कळलं.

मुलाखतीत अधिकाऱ्याने नेमकं तेच विचारलं, तुम्हाला कधी कळलं? त्याने तेच सांगितलं. २०२१ मध्ये त्याची शपथ झाली. वाट बघण्यात, वकिलात, रात्रीच्या झोपेत त्या घराचं जे गेलं ते मी पाहिलं आहे. त्याच्या राज्यात लायसन्सच्या अर्जावर ती एक ओळ असती, आणि ग्रीन कार्ड आल्यावर कुणी ती पुन्हा वाचायला लावली असती, तर हे काहीच झालं नसतं.

म्हणून ही जोडणी नकोच, असं मी म्हणू शकत नाही. आपल्यासारख्या घरांना तिचा उपयोग आहे. आईबापांना इथली शाळा माहीत नसते, मुलांना कायदा माहीत नसतो, आणि व्हिसा बदलला की आधीची सगळी उत्तरं बदलतात. आमच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या वेळी मी हे बोलले तेव्हा चारपाच घरांनी मला बाजूला घेऊन विचारलं. त्यातली बहुतेक एच-फोरवरच्या मुलांची. त्यांना मी सांगते ते असं: मुलगा वैध व्हिसावर आहे तोवर नोंदणी लागत नाही, आणि तो तसा होता याचे कागद जपून ठेवा, फाडू नका. सव्विशीच्या आत ग्रीन कार्ड आलं, तर तीस दिवसांत नोंदणी करून टाका. अर्जाच्या भानगडीत नाव आपोआप गेलं असेल असं गृहीत धरू नका. सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या संकेतस्थळावर आडनाव, सोशल सिक्युरिटी नंबर आणि जन्मतारीख घातली की नोंद आहे की नाही ते मिनिटात कळतं. असेल तर तो पुरावा छापून फाइलला लावा.

कार्ड आलं ते दिवस

धाकटा २०२२ च्या मार्चमध्ये अठरा वर्षांचा झाला. फेब्रुवारीच्या २४ तारखेला रशियाने युक्रेनवर हल्ला केला होता. अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना युक्रेनबाहेर जायला बंदी होती. बायका-मुलं सीमेपलीकडे जाताना आणि नवरे, बाप, मुलगे अलीकडे थांबताना रोज टीव्हीवर दिसायचे. वाढदिवसाच्या दिवशी मी श्रीखंड केलं होतं. खाता खाता त्याचं लक्ष टीव्हीकडे होतं. मी टीव्ही बंद केला आणि म्हटलं, "तुला एक सांगायचं राहिलंय."

तसं २०२० मध्ये थोडं बोलणं झालं होतं, पण पंधराव्या वर्षी ऐकलेलं आणि अठराव्या वर्षी ऐकलेलं यांत फरक असतो. मी त्याला सगळं सांगितलं. तू सही केलीस, मी केली, दोघांनीही न बोलता केली. आता तुझं नाव जाईल, कदाचित गेलंही असेल. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मी नाही म्हटलं असतं तर?" मी म्हटलं, लायसन्स मिळालं नसतं, आणि तरी कायदा लागू राहिलाच असता. तो म्हणाला, "ते ठीक आहे गं. पण मला विचारायला हवं होतंस." मी म्हटलं, हो. विचारायला हवं होतं. त्याच्यापुढे मला दुसरं काही म्हणायचं नव्हतं.

त्या दिवसांत आमच्या समोरच्या घरातल्या आजोबांशीही त्याचं बोलणं झालं. ते सत्तरी ओलांडलेले. १ डिसेंबर १९६९ च्या रात्री ते कॉलेजच्या वसतिगृहात होते. व्हिएतनाम युद्धासाठी कुणाला आधी बोलवायचं याची सोडत होती. काचेच्या भांड्यातून निळ्या कुप्या काढून जन्मतारखा वाचल्या जात होत्या, ते टीव्हीवर सगळ्या पोरांनी एकत्र बसून पाहिलं. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. आजोबांच्या तारखेचा क्रमांक तीनशेच्या पुढे लागला. त्या सोडतीतून १९५ पर्यंतच बोलावलं गेलं. त्यांच्या खोलीतल्या जोडीदाराचा क्रमांक चाळिशीतला होता. आजोबांना आपला क्रमांक अजून पाठ आहे. जोडीदाराचाही. धाकट्याने पुढे काय झालं ते विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि घरी येऊन त्याने मला ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

एप्रिलच्या अखेरीस पत्र आलं. साधं पांढरं पाकीट, सिलेक्टिव्ह सर्व्हिसचं. त्यांचं मुख्यालय आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आर्लिंग्टनला आहे. आत एक कागद आणि त्याला जोडलेलं, कापून घ्यायचं छोटं कार्ड. त्यावर त्याचं नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवा, अशी सूचना. त्याने कात्रीने कार्ड कापलं. कडेला थोडं वाकडं गेलं. मग त्याने पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "युद्धात जायला माझी तत्त्व म्हणून हरकत आहे, हे लिहायची जागा कुठे आहे?"

जागा नाही. मीही शोधली. नोंदणीच्या वेळी तो प्रश्नच नसतो. ज्याचा धर्माने किंवा सद्सद्विवेकाने युद्धाला विरोध आहे, त्याला तसा दावा करता येतो, पण तो ड्राफ्ट प्रत्यक्ष सुरू होऊन बोलावणं आल्यावर. तेव्हा स्थानिक मंडळापुढे उभं राहून सांगायचं, आणि ही समजूत तुमची आधीपासूनची आहे हे दाखवायचं. क्वेकर आणि मेनोनाइट या युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथांच्या घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं. त्यांची मुलं आपले विचार आधीच लिहून, तारीख घालून ठेवतात. काही जण ते कागद स्वतःलाच टपालाने पाठवतात, शिक्क्यावरची तारीख पुरावा व्हावी म्हणून.

धाकटा नेमका कोणत्या बाजूला आहे हे मला माहीत नव्हतं, अजूनही पुरतं माहीत नाही. मामाच्या शौर्याच्या गोष्टी त्याला लहानपणापासून आवडतात. मामाच्या ट्रंकेतलं पदक त्याने सुट्टीत गळ्यात घालून पाहिलं आहे. त्याच मुलाने त्या शनिवारी खोलीचं दार लावून घेतलं आणि दुपारभर काहीतरी लिहिलं. संध्याकाळी मला म्हणाला, "आई, टपालात जायचंय." गाडी त्यानेच चालवली. खिडकीवरच्या बाईंना त्याने पाकीट दिलं. पाठवणारा आणि घेणारा, दोन्हीकडे त्याचंच नाव. बाईंनी एकदा पत्ता पाहिला, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

सोमवारी ते पाकीट आमच्याच दारात आलं. सही करून घ्यायचं होतं. तो कॉलेजच्या मुलाखतीला गेला होता, मी घरी एकटीच होते. पोस्टमन पेन पुढे करून उभा राहिला. मी त्याला सांगितलं, उद्या आणाल का, ज्याचं आहे तो उद्या घरी असेल.

दुसऱ्या दिवशी त्याने सही करून घेतलं. आता ते त्याच्या पासपोर्टच्या फाइलमध्ये आहे, त्या वाकड्या कापलेल्या कार्डाशेजारी. न फोडलेलं.